सेनापती आणि सामायिक बॉयलर

सेनापतींची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी दोन देश बेचिराख केले होते आणि तिसऱ्याकडे मोर्चा वळवला होता. मी पॅन्ट न्यायला गेलो होतो.

लॉन्ड्रीत पाऊल टाकलं आणि वाफेचा असा लोट अंगावर आला की माझा चष्मा, माझं कपाळ आणि माझं सगळं शिक्षण एका दमात धुऊन निघालं. त्या ढगातून आधी एक पोट बाहेर आलं. पोट संपेपर्यंत मी वाट पाहिली. मग मिशा आल्या. आणि मग असा आवाज आला की हँगरवरचे शर्ट दचकून एकमेकांना बिलगले, समोरच्या फुटपाथवरचं कुत्रं उठून दुसऱ्या गल्लीत गेलं आणि माझ्या हातातली पावती आपोआप चुरगळली.

"तुम्हीच सांगा! पहिला वार आपण करायचा की नाही?"

मला वाटलं, पॅन्टवरच्या शाईच्या डागाबद्दल विचारताहेत. मी म्हणालो, "जरा बेतानंच करा. कापड जुनं आहे."

ढगातून दुसरा एक किरटा आवाज म्हणाला, "शांततावादी दिसतोय."

"असू दे, असू दे," सेनापती उदारपणे म्हणाले. "यांच्यासारख्यांचंही रक्षण आपल्यालाच करायचंय."

त्या दिवसापासून मी त्या लॉन्ड्रीत शांततावादी म्हणून ओळखला जाऊ लागलो आणि माझे कपडे सगळ्यात शेवटी मिळू लागले.

सेनापती हे नाव त्यांना कोणी दिलं नव्हतं, ते त्यांनी अंगावर चढवलं होतं, आणि तेही अक्षरशः. कुठल्याशा लष्करी अधिकाऱ्याने धुवायला टाकलेला एक जाड कोट कोणी न्यायलाच आलं नाही. दोन हिवाळे तो टांगून ठेवल्यावर सेनापतींनी तो घातला. कोट अंगात गेला आणि हुद्दा डोक्यात गेला. तोवर सैन्याशी त्यांचा संबंध इतकाच, की एका हवालदाराच्या गणवेशाची बाही त्यांनी इस्त्रीने जाळली होती.

तो काळ कसा होता ते सांगायला हवं. सरहद्दीपलीकडच्या देशाने अणुबॉम्ब केला होता. त्याने केला म्हणून त्याच्याशी हाडवैर असलेला दुसरा देश करायला बसला होता, आणि त्याच्या भीतीने तिसरा गुपचूप सामान गोळा करत होता. राजधानीत मोठमोठी डोकी बसून यावर काय करायचं याचा विचार करत होती. तो विचार काही त्यांच्याकडून होईना, म्हणून तो आमच्या लॉन्ड्रीत संध्याकाळी पाच वाजता पूर्ण होत असे.

इस्त्रीचं लांबलचक टेबल हा नकाशा. त्यावर पसरलेली चादर म्हणजे आपला देश, उशीचा अभ्रा म्हणजे शत्रू. मध्ये कोणाची तरी बाही पडलेली असे, ती डोंगररांग. टेबलाच्या या अंगाला सेनापती, हातात वाफेची इस्त्री. त्या अंगाला भूगोलाचे निवृत्त मास्तर आणि एक विमावाला. मास्तरांनी पस्तीस वर्षं मुलांना देशोदेशींच्या सीमा काढायला लावल्या होत्या आणि आता त्यांना त्या सगळ्या पुसायच्या होत्या. त्यांचं मत एकच: आधी हाणा. बॉम्ब तयार होण्याआधी हाणा, तयार झाला असेल तर उडण्याआधी हाणा, आणि उडालाच तर तो वाटेत असताना हाणा. हे सांगताना ते कपड्यांवर पाणी मारायची फवारणीची बाटली घेऊन अभ्र्यावर असे तुटून पडत, की शत्रूच्या राजधानीत डबकी साचत.

विमावाला गुळमुळीत माणूस. त्याचा भर करारावर. "सह्या घ्या," तो म्हणे. "एकदा कागदावर आणा. पाहणी करणारे पाठवा. कलमं घाला. माणूस कलमाला बिचकतो." आयुष्यभर त्याने लोकांना अशी कलमं विकली होती जी त्याने स्वतः वाचली नव्हती. त्यामुळे कलमांवर त्याची श्रद्धा होती.

सेनापतींचा मार्ग मात्र तिसराच होता. त्याचं नाव धाक.

"हाणायचं नाही," ते इस्त्री उचलून म्हणत, "आणि सह्याही करायच्या नाहीत. फक्त हात बटणावर ठेवायचा. तो बघतोय, आपण बघतोय. त्याला ठाऊक आहे, हा वेडा आहे, हा दाबेल. झालं! कोणीच दाबत नाही. याला म्हणतात धाक."

"आणि त्यानं दाबलंच तर?" मी एकदा विचारलं.

"तर आपणही दाबायचं."

"मग उरणार काय?"

"धाक उरतो ना!" सेनापती माझ्याकडे कीव आल्यासारखं बघत म्हणाले.

हे बोलताना इस्त्री बहुधा कोणाच्या तरी शर्टावर विसावलेली असे. माझ्या निळ्या शर्टाच्या पाठीवर अजून एक तपकिरी त्रिकोण आहे. शत्रूचं एक महत्त्वाचं बंदर तिथे नष्ट झालं होतं.

या सभेला बॉम्बची कसलीही माहिती नव्हती आणि त्याचं तिला काहीच वाटत नव्हतं. माहिती नसणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, मी स्वतः त्यांतलाच आहे. पण मरणाऱ्यांचा हिशेब हे तिघे ज्या सहजतेने करत, ती सहजता मला दुसरीकडे फक्त राजधानीतल्या तज्ज्ञांच्या मुलाखतींत दिसली. कॉलर दुमडता दुमडता शहरं दुमडली जात. मास्तर म्हणत, "फार तर तीन कोटी." विमावाला म्हणे, "छे, वारा उलटा असेल तर जास्त." आणि सेनापती सगळ्यांचं समाधान करत, "दोन कोटी धरा. दोन कोटी गेले तरी देश म्हणून आपण टिकतो."

एकदा वहिनी, म्हणजे सेनापतींच्या पत्नी, चहा घेऊन खाली आल्या होत्या. ट्रे टेबलावर ठेवायला जागा नव्हती, कारण तिथे देश होता. त्या ट्रे धरूनच उभ्या राहिल्या.

"त्या दोन कोटींत मी आहे का?" त्यांनी विचारलं.

"कसल्या दोन कोटींत?"

"आत्ता म्हणालात ना, दोन कोटी गेले तरी चालेल. त्यात मी आहे का, तेवढं सांगा. म्हणजे गव्हाचं दळण आणायचं की नाही ते ठरवीन."

"अगं, ही धोरणाची भाषा असते. त्यात माणसं अशी एकेक नसतात."

"मग घ्या चहा," वहिनी म्हणाल्या आणि ट्रे सरळ आपल्या देशावर ठेवून वर गेल्या.

वर म्हणजे दुकानाच्याच माथ्यावर. खाली लॉन्ड्री, वर दोन भावांची दोन बिऱ्हाडं. वडिलांनी जाताना दुकान दोघांत वाटलं, तेही असं वाटलं की भांडणासाठी दुसरी कुठली सोय करायची गरज पडू नये. पुढचा भाग थोरल्याला: गल्ला, इस्त्र्या, टेबल. मागचा भाग धाकट्याला: धुलाईची यंत्रं आणि बॉयलर. आता पाण्याचा नळ रस्त्यावरून येणार, म्हणजे तो सेनापतींच्या भागातून आत शिरणार. आणि इस्त्र्यांना लागणारी वाफ बॉयलरमधून निघणार, म्हणजे ती धाकट्याकडून येणार. थोरल्याने नळ बंद केला की धाकट्याचा बॉयलर तहानलेला. धाकट्याने वाफ अडवली की थोरल्याच्या इस्त्र्या थंड. तेल जाळणारा तो अगडबंब बॉयलर बरोबर वहिनींच्या स्वयंपाकघराखाली होता.

धाकटा नाकासमोर चालणारा, जरा तिरसट माणूस. सेनापतींना तो 'दादा' म्हणे, आणि तोंडभरून म्हणे. दोघांत आधी वाद झाला तो हँगरवरून. पुढून गिऱ्हाईक कपड्यांबरोबर हँगर घरी नेतं आणि मागे हँगर कमी पडतात, अशी धाकट्याची तक्रार होती. एखाद्याने दोन डझन हँगर आणून विषय मिटवला असता. पण सेनापतींच्या घरात एवढा मोठा सिद्धांत पडून होता, तो वापरायचा कधी?

त्यांनी नळाच्या चाकाला साखळी घालून कुलूप लावलं. नळ उघडाच ठेवला, फक्त कुलूप दिसेल असं लटकवलं.

"बंद करायचा नाहीये," ते आम्हाला म्हणाले. "त्यानं फक्त बघायचं, की मी बंद करू शकतो."

धाकट्याने बघितलं. दुसऱ्या दिवशी वाफेच्या चाकाला त्याहून मोठं कुलूप होतं. मग सेनापतींनी आणखी मोठं आणलं. धाकट्याने पितळी आणलं. आठवडाभरात त्या दोन चाकांवर इतकं लोखंड लटकलं, की चोरांनी आत शिरून फक्त कुलपं नेली असती तरी त्यांचं भागलं असतं. मास्तर खूश होते. "समतोल साधला," म्हणाले. दोघे भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले. दोघी जावांचं मात्र गच्चीवर वाळत घालताना पूर्वीसारखंच चालू होतं, कारण त्यांना कोणी धोरण समजावलं नव्हतं.

विमावाल्याच्या अंगात इथे उत्साह संचारला. त्याने करार घडवून आणला. प्रत्येक बाजूला एकच कुलूप, आणि दोन्ही किल्ल्या त्रयस्थाकडे, म्हणजे त्याच्याकडे. तो सकाळी कामावर जाताना येणार, दोघांच्या समक्ष दोन्ही कुलपं उघडणार. संध्याकाळी येऊन दोन्ही लावणार. दोघांनी एकमेकांकडे न बघता मान्यता दिली. विमावाल्याने हस्तांदोलनासाठी दोघांचे हात धरून जवळ आणले, तेव्हा मला तर वाटलं आता फोटो काढणार.

कराराचा मसुदा त्याने स्वतः केला होता आणि तो नेहमीच्या सवयीने वाचला नव्हता. कुलूप उघडायला किल्ली लागते. लावायला लागत नाही. नुसतं दाबलं की बसतं. म्हणजे कुलूप कोणालाही ठोकता येत होतं, आणि ते काढणं फक्त विमावाल्याच्या हातात होतं. हे तिघांपैकी कोणाच्याही लक्षात आलं नाही. देशोदेशींच्या क्षेपणास्त्रांचे पल्ले जे रोज ठरवत, त्यांच्या नजरेतून साधं कुलूप निसटलं.

मग ती दुपार आली. त्या दिवशीच्या पेपरात तिसऱ्या देशानेही बॉम्बची चाचणी केल्याची ठळक बातमी होती. सेनापती सकाळपासून फुरफुरत होते. मास्तर जेवण सोडून आले होते. मी कोट न्यायला गेलो होतो आणि नेहमीप्रमाणे तो झाला नव्हता. तेवढ्यात एका गिऱ्हाइकाने जाता जाता सहज सांगितलं, की मागच्या दाराने धाकट्याकडे कपडे दिले तर इस्त्री स्वस्तात होते.

"इस्त्री?" सेनापती ओरडले. "त्याच्याकडे इस्त्री?"

"छोटीशी आहे. विजेची."

मास्तरांनी मांडीवर थाप मारली. "गुप्त केंद्र! मी म्हणत नव्हतो? वरून करार, आतून केंद्र!"

सेनापती मधल्या दारात उभे राहिले. "धाकट्या! मला तुझ्या भागाची पाहणी करायची आहे!"

आतून धाकट्याचा आवाज आला. "दादा, माझ्या भागात यायचं नाही. आधी माझे हँगर द्या."

"इस्त्री आहे की नाही?"

"सांगत नाही!"

"सांगत नाही म्हणजे आहेच," मास्तर पुटपुटले. "आता ढिले पडलात तर संपलात."

सेनापती तडक नळाकडे गेले, चाक फिरवून बंद केलं आणि कुलूप दाबलं. खट्. दोन श्वास गेले नसतील, आतून दुसरा आवाज आला. खट्. टेबलावरच्या इस्त्रीने शेवटची फुंकर टाकली आणि ती गप्प झाली.

आता कोणाही शहाण्या माणसाने बॉयलरचा जाळ विझवला असता. त्याचं बटण धाकट्याच्या हाताशी होतं. पण जाळ विझवणं म्हणजे माघार. धाकटा आतून ओरडला, "पाणी सोडा, दादा! पातळीच्या काचेत पाणी खाली चाललंय!"

"हूल देतोय," मास्तर म्हणाले. "पापणीसुद्धा हलवू नका."

"जाळ तूच बंद कर!" सेनापती ओरडले.

"आधी पाणी!"

"आधी जाळ!"

वाफेला वाट नव्हती. वरची सुटकेची झडप उघडली आणि तिने अशी शिट्टी घातली की रस्त्यावरची माणसं जागच्या जागी थांबली. शिट्टीबरोबर वाफ जात होती, वाफेबरोबर पाणी जात होतं, आणि आत नवीन पाणी येत नव्हतं. भिंतीतून करपलेल्या रंगाचा वास यायला लागला. सेनापतींच्या मिशांवर घाम आला. मी त्यांना इतकी वर्षं पाहत होतो, पण त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा पहिल्यांदाच कोटींऐवजी एकच माणूस दिसल्याचा भाव आला. त्यांनी मान वर केली आणि छताकडे पाहिलं.

"हिचं... ही वर आहे," ते म्हणाले.

"भावना मध्ये आणू नका," मास्तर म्हणाले, आणि असं म्हणत स्वतः फुटपाथवर जाऊन उभे राहिले.

सेनापती नळावर तुटून पडले. कुलूप ओढलं, पिरगळलं, त्यावर इस्त्री हाणली. "किल्ली! किल्ली कुठाय?" किल्ली विमावाल्याच्या खिशात होती. विमावाला सकाळी कुलपं उघडून गेला होता तो दुसऱ्या गावी, कंपनीच्या शिबिरात, जोखीम कशी ओळखावी यावरचं व्याख्यान ऐकत होता आणि त्याचा फोन बंद होता.

तेवढ्यात वहिनी जिन्यावरून उतरल्या. अनवाणी होत्या. वरची फरशी तापून पाय ठेववेना म्हणून त्या खाली आल्या होत्या. नवऱ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. मधल्या दारातून, ज्या दारातून कोणी कोणाच्या भागात जायचं नव्हतं, त्या सरळ आत गेल्या. आतून मला एवढंच ऐकू आलं.

"बाजूला हो."

"वहिनी, पण दादांनी आधी..."

"बाजूला हो म्हटलं ना!"

आणि बटणाचा आवाज. जाळ विझला. शिट्टी हळूहळू खाली आली, रडून दमलेल्या पोरासारखी हुंदके देत थांबली. वहिनी परत आल्या, मला म्हणाल्या, "तुमचा कोट आज होणार नाही," आणि धाकट्या जावेला घेऊन गच्चीवर गेल्या. घरातली फरशी गार होईपर्यंत त्या तिथेच बसल्या असाव्यात.

दुसऱ्या दिवशी बॉयलरचा सरकारी निरीक्षक आला. आत डोकं घालून बराच वेळ बघत राहिला. नळ्या तापून वाकल्या होत्या. बाहेर येऊन त्याने विचारलं, "कोरड्या पडलेल्या बॉयलरमध्ये पाणी सोडलं होतं का?"

"सोडणार होतो," सेनापती मान खाली घालून म्हणाले. "कुलूप उघडलं नाही."

"नशीब समजा. तापलेल्या नळ्यांवर गार पाणी गेलं असतं, तर हे दुकान समोरच्या इमारतीत गेलं असतं."

माझी समजूत होती, की हे ऐकून तिघे काही दिवस तरी तोंड उघडणार नाहीत. मी माणसांना अजून पुरता ओळखत नाही. संध्याकाळी पाचला थंड टेबलाभोवती सभा भरली आणि तिघेही जिंकलेले होते. विमावाला म्हणाला, "बघितलंत? किल्ली त्रयस्थाकडे होती म्हणून वाचलात. करारानं वाचवलं." मास्तर म्हणाले, "मी म्हणत होतो तसं त्या विजेच्या इस्त्रीवर आधीच हाणलं असतं, तर एवढी वेळच आली नसती." आणि सेनापतींनी थंड इस्त्री उचलली, घसा खाकरला, आणि मला अजून खरा वाटत नाही अशा आवाजात म्हणाले:

"शेवटी स्फोट झाला का? नाही झाला. याला म्हणतात धाक."

या माणसाने काल छताकडे पाहिलं होतं. ते पाहणं एका रात्रीत धुऊन, वाळवून, घडी घालून कुठे ठेवलं, कोण जाणे. त्यांच्या पाठीमागे जिन्यावर वहिनी उभ्या होत्या. त्यांनी ते वाक्य ऐकलं असणार, कारण त्यानंतर पाच वाजता चहा आला नाही, आणि पुढे कधीच आला नाही. दुसऱ्या आठवड्यात त्या नणंदेकडे राहायला गेल्या. पाठोपाठ धाकटी जाऊही मुलांना घेऊन आपल्या भावाकडे गेली. दोघा भावांना वाटलं, दोन दिवसांत येतील. सेनापती तर म्हणाले, "हूल आहे."

निरीक्षकाने बॉयलरला सील ठोकलं. दुरुस्तीला दोघांनी मिळून अर्ज करायचा होता. थोरला म्हणाला, आधी त्याने यावं. धाकटा म्हणाला, आधी दादांनी बोलवावं. अर्ज गेला नाही. जागा विकली गेली.

दोघे भाऊ आता एका मोठ्या हॉस्पिटलच्या धुलाई विभागात नोकरी करतात. थोरला सकाळच्या पाळीला असतो आणि धाकटा दुपारच्या.